सेप्सिसमध्ये रक्त गाळण्याचा उपचार : सीमाभागातील नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या भागांतून अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णांचे नातेवाईक बाहेरच्या बाकांवर बसून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे लिहिली आहेत. तुमच्या रुग्णाबाबतचा निर्णय त्याला तपासणारे डॉक्टरच घेतील. मात्र सही करण्यापूर्वी त्यांना काय विचारावे, हे ठरवायला या माहितीचा उपयोग होईल.

"रक्तात जंतू झालेत" असे सांगतात. सेप्सिस म्हणजे तेच का?

अगदी तेच नव्हे. जखम पिकली की आपल्याकडे "सेप्टिक झालं" म्हणतात आणि ताप उतरेना झाला की "विष अंगभर पसरलं" म्हणतात. वैद्यकशास्त्रात मात्र सेप्सिस हा शब्द याहून वेगळ्या अवस्थेसाठी वापरला जातो. २०१६ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, जंतुसंसर्गाला तोंड देताना शरीराचा प्रतिसाद बेताल होतो आणि त्याच्या स्वतःच्याच अवयवांना जिवावर बेतेल अशी इजा होऊ लागते, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणतात. मूळ संसर्ग फुप्फुसात असेल, लघवीच्या मार्गात असेल, आतडे फुटल्याने पोटात असेल किंवा उसाच्या फडात पायाला कोयता लागलेल्या मधुमेही माणसाच्या जखमेत असेल. रक्ताच्या तपासणीत जंतू सापडतीलच असेही नाही. अनेक रुग्णांत ते सापडत नाहीत. पुरेसे सलाईन देऊनही रक्तदाब टिकवण्यासाठी औषधाचा पंप लावावा लागला आणि रक्तातील लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन पुरेसा न मिळाल्यावर वाढणारे आम्ल) प्रति लिटर २ मिलिमोलच्या वर राहिले, तर त्या अवस्थेला सेप्टिक शॉक म्हणतात.

मग यंत्राने रक्त गाळून जंतू बाहेर का काढत नाहीत?

कारण जंतूंचा मुख्य मुक्काम रक्तात नसतो. गळू, फुटलेले आतडे, मुतखड्याने अडलेले आणि पूने भरलेले मूत्रपिंड, पिकलेले पाऊल ही त्यांची खरी ठिकाणे. तो पू शस्त्रक्रियेने किंवा नळी घालून बाहेर काढला नाही, तर रक्त दिवसभर गाळले तरी दुसरीकडून भर पडतच राहते. अतिदक्षता विभागात नेहमी वापरली जाणारी रक्त गाळण्याची यंत्रे जंतू पकडण्यासाठी बनवलेलीच नाहीत. त्यांचे काम पुढे सांगितले आहे. जंतू मारण्याचे काम अँटिबायोटिकचे आहे, आणि सेप्टिक शॉकची शंका आल्यापासून एका तासाच्या आत ते शिरेतून सुरू व्हावे, असे "सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन" या आंतरराष्ट्रीय गटाची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

"रक्त गाळणे" म्हणजे नेमके काय करतात?

येथे थोडे थांबावे लागेल, कारण या एकाच बोलीतल्या शब्दाखाली दोन वेगवेगळे उपचार येतात आणि बहुतेक गैरसमज तेथूनच सुरू होतात. त्यात "रक्तशुद्धी" हा शब्द उच्चारला की आपल्याला फोडांवर घेतला जाणारा काढा आठवतो आणि शुद्धी म्हटल्यावर ती चांगलीच असणार, असे मन गृहीत धरते. म्हणून या पानावर तो शब्द मी टाळला आहे.

पहिला उपचार म्हणजे डायलिसिस. सेप्सिसमध्ये मूत्रपिंडे बंद पडली की युरिया, पोटॅशियम, आम्ल आणि साठलेले पाणी बाहेर काढण्याचे काम यंत्र करते. नेहमीचे डायलिसिस चार तासांत उरकते, पण ज्याचा रक्तदाब आधीच औषधाच्या आधारावर उभा आहे, त्याला ते सोसत नाही. अशा रुग्णाला एकतर चोवीस तास मंद गतीने चालणारे यंत्र लावतात, किंवा नेहमीचेच डायलिसिस यंत्र कमी वेगाने सहा ते बारा तास चालवतात. या दुसऱ्या पद्धतीला डॉक्टर "स्लेड" म्हणतात. ती कमी खर्चाची आहे आणि आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांत तीच वापरली जाते. चोवीस तासांचे यंत्र नाही म्हणजे उपचारात उणीव राहिली, असे समजू नये. दोन्हींपैकी कोणतीही पद्धत वापरावी, असेच मार्गदर्शक तत्त्वे म्हणतात.

दुसरा उपचार म्हणजे काडतूस, ज्याला रुग्णालयात कार्ट्रिज किंवा कॉलम म्हणतात. यात रक्त चाळले जात नाही. नळकांड्यात भरलेल्या बारीक मण्यांवरून किंवा धाग्यांवरून ते वाहते आणि त्यातील काही पदार्थ त्या मण्यांना चिकटून राहतात. मूत्रपिंडे चांगली असलेल्या रुग्णालाही हे लावता येते, कारण त्याचा हेतू लघवीचे काम करणे हा नसून शरीराच्या बेताल प्रतिसादातून तयार होणारी रसायने कमी करणे हा आहे.

साध्या डायलिसिसमध्ये ती रसायने निघून जात नाहीत का?

फारशी नाहीत. युरियाच्या रेणूचे वजन ६० डाल्टन आहे, तर सायटोकाइन नावाची ही रसायने साधारण १०,००० ते ६०,००० डाल्टनांची असतात. रवा चाळायच्या चाळणीतून गहू खाली पडत नाही, तशातला हा प्रकार आहे. भोके मोठी करावीत तर अल्ब्युमिन हे रक्तातील आवश्यक प्रथिन ६६,००० डाल्टनांचे, म्हणजे जेमतेमच मोठे असल्याने तेही वाहून जाऊ लागते. भोके तशीच ठेवून जास्त पाणी गाळले तर काय होते, हेही तपासून झाले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या "आयव्हॉयर" या युरोपीय चाचणीत सेप्टिक शॉकच्या १४० रुग्णांपैकी काहींना वजनाच्या दर किलोमागे ताशी ७० मिलिलिटर, तर उरलेल्यांना ३५ मिलिलिटर या दराने गाळणी लावली. मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही.

आत गेल्यावर जे यंत्र दिसते, त्यात काय चाललेले असते?

मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत दोन वाटा असलेली एक जाड नळी घातलेली असते. लाल टोकातून रक्त बाहेर येते आणि निळ्या टोकातून परत जाते. पंप मिनिटाला साधारण १५० मिलिलिटर रक्त फिरवतो. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात चार लिटरांहून थोडे अधिक रक्त असते, म्हणजे जवळजवळ अर्ध्या तासात सगळ्या रक्ताची एक फेरी होते. एका वेळी यंत्रात असते ते मात्र कपभरच.

खाली वजनकाट्याला लटकलेल्या पिशवीत पिवळसर पाणी साठत जाते. अनेक नातेवाईक तिच्याकडे बोट दाखवून "हे विष निघालं का?" असे विचारतात. ते विष नव्हे. लघवीवाटे जे गेले असते, तेच ते आहे. किलोमागे ताशी २५ मिलिलिटरचा दर धरला तर साठ किलोच्या रुग्णाचे असे ३६ लिटर पाणी दिवसाला जमते आणि त्याच्या बदल्यात क्षार मिसळलेले स्वच्छ पाणी आत जाते. रक्त बाहेरच्या नळ्यांतून फिरून थंड होते, म्हणून अंगावर ब्लँकेट किंवा नळीवर गरम करणारी पट्टी असते. फिल्टरच्या पांढऱ्या धाग्यांमध्ये काळपट रेघा दिसू लागल्या की आत रक्त गोठू लागले आहे, असे परिचारिका ओळखते. तसे होऊ नये म्हणून हेपॅरिन किंवा सायट्रेट देतात, तरीही फिल्टर मध्येच बंद पडतो आणि बदलावा लागतो. अलार्म वाजला म्हणजे रुग्णाला काही झाले, असे नाही. बहुतेक वेळा त्याने मान वळवल्याने नळी दुमडलेली असते.

डायलिसिस जितके लवकर सुरू होईल तितके बरे नव्हे का?

असे वाटणे स्वाभाविक आहे आणि कित्येक वर्षे डॉक्टरांनाही तसेच वाटत होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत सेप्टिक शॉक आणि मूत्रपिंडाची गंभीर इजा असलेल्या ४८८ रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच, तर निम्म्यांना ४८ तास वाट पाहून डायलिसिस देण्याचे ठरले. नव्वद दिवसांनंतर पहिल्या गटात ५८ टक्के आणि दुसऱ्या गटात ५४ टक्के रुग्ण दगावलेले होते, म्हणजे घाईचा फायदा दिसला नाही. शिवाय थांबलेल्या गटातील ३८ टक्के रुग्णांना डायलिसिस लावावेच लागले नाही. सुमारे तीन हजार रुग्णांच्या २०२० मधील मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निष्कर्षही याच दिशेचा होता. पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेले, रक्त फार आम्लधर्मी झाले किंवा फुप्फुसात पाणी भरून लघवीच्या औषधाने ते उतरेना, तर मात्र एक तासही दवडू नये. तशी निकड नसताना डॉक्टर "उद्या सकाळी पाहू" म्हणाले, तर तो हलगर्जीपणा नसतो.

काडतूस लावले तर रुग्ण वाचतो का?

या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, ते लावल्याने सेप्सिसमधील मृत्यू कमी होतात असे आजवरच्या नीट केलेल्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. पण हे उत्तर एका वाक्यात संपवण्यासारखे नाही.

सर्वांत जुना आणि सर्वांत अधिक तपासलेला प्रकार पॉलिमिक्सिन बी या अँटिबायोटिकचा लेप दिलेल्या धाग्यांचा आहे. काही जंतूंच्या आवरणातून सुटणारे एंडोटॉक्सिन त्या धाग्यांना चिकटते. जपानमध्ये हा उपचार १९९४ पासून विम्यात बसतो. २००९ साली इटलीतील ६४ रुग्णांच्या चाचणीत, पोटातील संसर्गामुळे शॉकमध्ये गेलेल्यांपैकी काडतूस लावलेल्या गटात ३२ टक्के आणि न लावलेल्या गटात ५३ टक्के मृत्यू झाले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. मग फ्रान्समध्ये दोनशेहून अधिक रुग्णांवर तेच करून पाहिले. २०१५ साली आलेल्या त्या निकालात काडतूस लावलेल्यांत २७.७ टक्के आणि न लावलेल्यांत १९.५ टक्के मृत्यू होते. हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण फायदा म्हणावा असे त्यात काही नव्हते. २०१८ साली अमेरिका आणि कॅनडामधील ४५० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत रक्तातील एंडोटॉक्सिन मोजून, ज्यांच्यात ते जास्त होते तेच रुग्ण निवडले होते, तरीही काडतूस लावलेल्यांत ३७.७ आणि न लावलेल्यांत ३४.५ टक्के मृत्यू, असाच निकाल लागला. लहान चाचणीतला फायदा मोठ्या चाचणीत विरून जाणे, हा या विषयाचा जणू स्वभावच आहे.

दुसरा प्रकार सच्छिद्र मण्यांचा, जो सायटोकाइन शोषून घेतो. युरोपमध्ये तो २०११ पासून विक्रीस आहे आणि आपल्याकडे "सायटोसॉर्ब" या नावाने डॉक्टरांच्या तोंडी ऐकू येतो. करोनाच्या काळात जर्मनीत, कृत्रिम फुप्फुसाच्या यंत्रावर असलेल्या ३४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. तीस दिवसांनंतर काडतूस लावलेल्या १७ पैकी ३ रुग्ण हयात होते, तर न लावलेल्या १७ पैकी १३. चाचणी लहान होती आणि ते रुग्ण सेप्सिसचे नेहमीचे रुग्ण नव्हते, म्हणून त्यावरून अंतिम निवाडा करता येत नाही. पण "लावून बघू, तोटा तर नाही ना" हे वाक्य मी त्यानंतर बोलत नाही.

हे सारे पाहून २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पॉलिमिक्सिनचे काडतूस न वापरण्याचे सुचवले आणि इतर प्रकारांबाबत शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे नमूद केले.

शास्त्रीय तर्क बरोबर असूनही फायदा का दिसत नाही?

घरात नळ फुटला असताना तो बंद न करता बादलीने पाणी उपसावे, तसे काहीसे हे आहे. सायटोकाइन सतत तयार होत असतात आणि त्यांतील बरेचसे रक्तात नव्हे तर अवयवांच्या ऊतींत असतात. शिवाय सगळेच वाईट नसतात. काही दाह वाढवतात तर काही तो आवरतात, आणि मणी चांगले-वाईट निवडत नाहीत. ते अँटिबायोटिकसुद्धा काही प्रमाणात शोषून घेतात, हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असूनही नातेवाइकांना क्वचितच सांगितला जातो. काडतूस लावले असेल तर "औषधाचा डोस वाढवला का?" हा प्रश्न जरूर विचारावा.

शेजारच्या बेडवरच्या रुग्णाचे बीपी काडतूस लावल्यावर सुधारले. ते खोटे का?

खोटे नाही. रक्तदाबाच्या औषधाचा डोस काही रुग्णांत खरोखरच उतरतो. पण त्याच चोवीस तासांत त्या रुग्णाचा पू काढलेला असतो, अँटिबायोटिक लागू पडलेले असते आणि बहुधा हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइडही सुरू झालेले असते. त्यातले श्रेय कोणाचे, हे एका रुग्णावरून कळत नाही.

या उपचाराचे धोके कोणते?

नळी घालताना रक्तस्राव होऊ शकतो आणि ती राहील तितके दिवस तिच्यातून नवा संसर्ग शिरण्याची भीती असते. यंत्र जोडताना रक्तदाब घसरू शकतो. प्लेटलेट कमी होतात, आणि डेंग्यूसारख्या आजारात त्या आधीच कमी असतील तर हेपॅरिन देणे अवघड होते. फिल्टर गोठला की त्यात अडकलेले रक्त वाया जाते, त्यामुळे अशक्त रुग्णाला रक्त चढवण्याची वेळ येते.

काडतुसासाठी रुग्णाला कोल्हापूर, मिरज किंवा गोव्याला हलवावे का?

केवळ काडतुसासाठी हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शस्त्रक्रिया, व्हेंटिलेटर किंवा खरी निकड असलेले डायलिसिस जवळ उपलब्ध नसेल तर हलवणे भाग आहे, आणि तेव्हा ते लवकर करावे. मात्र तालुक्याच्या ठिकाणी डायलिसिस केंद्र आहे म्हणजे तेथे हे काम होईलच असे नाही. ती केंद्रे प्रामुख्याने मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या, चालत येणाऱ्या रुग्णांसाठी असतात. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडते आणि खानापूरहून बेळगाव, हे हिशेब घरच्यांनाही ठाऊक असतात. पण पावसाळ्यात चोर्ला किंवा आंबोली घाटाने निघायचे ठरवताना रुग्णवाहिकेत औषधाचा पंप, मॉनिटर आणि पुरेसा ऑक्सिजन आहे का, हे आधी पाहावे. निघण्यापूर्वी अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन घ्यावा आणि तो किती वाजता दिला, हे पत्रात लिहून घ्यावे. त्या एका ओळीवाचून पुढच्या रुग्णालयात किती वेळ जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

खर्च कोणत्या योजनेतून मिळतो?

काडतूस एकदाच वापरायचे असते, ते साध्या डायलिसिसच्या फिल्टरपेक्षा कित्येक पटींनी महाग असते आणि अनेकदा एकाने भागत नाही. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेखाली बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, तर एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के रक्कम, वर्षाला दीड लाखापर्यंत मिळते. एरवी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. तातडीच्या रुग्णाला त्यातून सूट आहे. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केलेली आहे, म्हणून रेशनकार्ड आणि गावचा रहिवासी दाखला दोन्ही जवळ ठेवावेत. रुग्णालयातील आरोग्यमित्राला एकच गोष्ट नेमकी विचारावी : पॅकेजमध्ये डायलिसिस धरले आहे, ते काडतूसही धरले आहे का? जमीन गहाण ठेवण्याचा विचार मनात येत असेल, तर त्याआधी "काडतूस लावले तर रुग्ण वाचतो का?" याचे वरचे उत्तर पुन्हा एकदा वाचावे.

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत आहे. सही करावी का?

समजल्याशिवाय करू नये. उपचाराचे स्वरूप, फायदा, धोका आणि पर्याय सांगून घेतलेली संमतीच खरी संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या निकालात स्पष्ट केले आहे, आणि न कळणाऱ्या भाषेत सांगितलेले हे सांगितल्यासारखे नसते. बेळगावात मराठी बोलणारी परिचारिका किंवा निवासी डॉक्टर बहुतेक प्रत्येक पाळीत सापडतात. त्यांना वाचून दाखवण्याची विनंती करावी. एका रात्री खानापूरकडचा एक तरुण, भाताच्या चिखलातून तसाच आलेला, सहीसाठी पेन हातात धरून मला म्हणाला, "साहेब, हे किडनीसाठी की विषासाठी, तेवढं सांगा." त्याच्या वडिलांची लघवी दीड दिवस बंद होती आणि पोटॅशियम वाढलेले होते. ते किडनीसाठीच होते, आणि त्याने सही केली. यापेक्षा नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही.

एकदा डायलिसिस लावले की ते कायमचे लागते का?

सेप्सिसमधून वाचलेल्या बहुतेक रुग्णांचे डायलिसिस सुटते. भातशेतीच्या दिवसांत दिसणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गात तर मूत्रपिंडे पूर्ण बंद पडूनही काही दिवसांत किंवा आठवड्यांत सहसा पूर्ववत होतात आणि मधल्या काळात डायलिसिस खरोखरच जीव तारून नेते. आधीपासून मधुमेह किंवा रक्तदाबामुळे मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांच्या बाबतीत मात्र अशी खात्री देता येत नाही.

साप चावल्यावरही हेच यंत्र लावतात ना?

सापाचे विष उतरवायला प्रतिविषाचे इंजेक्शन लागते. डायलिसिस लावले तर ते विषाने बंद पडलेल्या मूत्रपिंडांसाठी असते.

घरी सोडल्यानंतर काय पाहावे?

तीन महिन्यांनी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे किती काम करतात हे दाखवणारा घटक) आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी, रुग्णाला कितीही बरे वाटत असले तरी. मानेतली नळी काढलेल्या जागी लाली, पू किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दाखवावे. आणि कामावर परतल्यावर कंबर किंवा गुडघे दुखू लागले, तर मेडिकलमधून सांगून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. नुकत्याच सावरलेल्या मूत्रपिंडांना त्या पुन्हा इजा करू शकतात, आणि दुखणे थांबवायला पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घेता येते.